झऱ्याच्या वाटेवरच्या मावशी

मावशी माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी पायांकडे. दारात कुणी नवीन आलं की त्यांची नजर खाली जायची, जराशी थांबायची आणि मग सावकाश वर यायची. "पाय बगावं माणसाचं," त्या म्हणायच्या. "तोंड शिकीवल्यालं असतंय. पायास्नी कोन शिकवतंय?"

माझे पाय त्यांनी पहिल्यांदा बघितले तेव्हा मी चपला काढून त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. जमीन दाखवायला मला घेऊन आलेल्या एजंटाने 'सांगलीची मोठी पार्टी' अशी माझी ओळख करून दिली होती. मावशींनी माझ्या उजव्या अंगठ्याचं काळं, अर्धवट नख पाहिलं. वर्कशॉपमध्ये कधीतरी लेथवरून शाफ्ट घसरून पायावर पडला होता, त्याची ती खूण.

"लोखंडात काम करता व्हय?" त्यांनी विचारलं.

त्या एका प्रश्नाने मोठी पार्टी संपली. राहिलो तो कुपवाडचा एक टर्नर, ज्याने तीस-पस्तीस वर्षं मशीनसमोर उभं राहून वर्कशॉप चालवलं, ते मुलाच्या हाती दिलं आणि आता बायकोला घेऊन डोंगरात कुठेतरी शांत जागा शोधत निघाला. अशी माणसं हल्ली तुम्हीही पाहिली असतील. आठवडाभर मोबाइलवर डोंगराचे फोटो बघतात आणि रविवारी गाडी काढून सातबारा शोधत हिंडतात. मी त्यांतलाच एक.

पाटणच्या पुढे, कोयनेच्या अंगाला, एका उतारावर ती वाडी आहे. वीसेक घरं असतील, त्यातल्या निम्म्यांना कुलपं. पुरुषमाणसं मुंबईला. खाली घरं, मध्ये नाचणीची वावरं, वर जंगलाच्या कडेला एक झरा. मी बघायला गेलो ती जमीन मधली होती. तिथं उभं राहिलं की खाली धरणाचं पाणी दिसायचं. एजंट त्याला 'लेक व्ह्यू' म्हणत होता. वाडीतली माणसं त्याला काहीच म्हणत नव्हती, कारण त्या पाण्याखाली त्यांच्या आजोळची गावं गेली होती.

जमीन चार भावांची. तिघे मुंबईत, चौथा वारलेला. मावशी त्या चौथ्याची बायको. बाकीचे तिघे मुंबईत असताना पंचवीस-तीस वर्षं ती जमीन कसली मावशींनी, पण विकायची ठरवली तिघांनी. मावशी अडल्या नाहीत. त्यांच्या वाटणीला त्यांनी राहतं घर ठेवलं आणि झऱ्याभोवतीचा दगडधोंड्यांचा एक लहानसा तुकडा. तो वेगळ्या गटाचा होता आणि कुणालाच नको होता.

पाटणला खरेदीखताच्या दिवशी त्या नऊवारी नेसून आल्या. तीन दीर आणि एजंट मोठमोठ्याने बोलत होते. मावशींनी सही केली, पेन बंद करून टेबलावर ठेवलं आणि मला म्हणाल्या, "पान्याची वाट तेवडी ऱ्हाऊ द्या, सांगलीकर."

मी म्हणालो, राहील की. कागदात तसं काही लिहिलेलं नव्हतं. लिहायला हवं असं मलाही वाटलं नाही आणि त्यांनीही मागितलं नाही. मी हो म्हटलं होतं, एवढं त्यांना पुरलं.

त्या दिवसापासून मी 'सांगलीकर' झालो तो कायमचा. माझं नाव त्यांना माहीत होतं, पण त्यांनी ते कधी घेतलं नाही. माझी बायको मात्र पहिल्याच दिवशी 'ताई' झाली.

आम्ही तिथं चार खोल्या बांधायला काढल्या. दोन आमच्यासाठी, दोन पाहुण्यांसाठी. महाबळेश्वरची गर्दी नको असलेले लोक इकडे येऊ लागले होते. बांधकामावरच्या माणसांचं जेवण मावशींकडे होतं, आणि आम्ही गेलो की आमचंही. पहिल्या दिवशी मी थोडा संकोचत त्यांना सांगितलं, की आम्ही जैन, घरच्या पद्धतीप्रमाणे सूर्य मावळायच्या आत जेवतो, आणि चातुर्मासात कांदा-लसूण नाही. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे कोंबड्या डालायच्या टायमाला तुमचं जेवान," त्या म्हणाल्या. त्यानंतर संध्याकाळी कोंबड्यांवर टोपली पडायच्या आधी माझ्यासमोर ताट यायचं. नाचणीची भाकरी, घेवड्याची आमटी, भात. ज्या घरात सुक्या मासळीशिवाय पावसाळा जात नव्हता, तिथं माझ्यासाठी एक तवा आणि दोन पातेली वेगळी टांगलेली असायची. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. एकदा त्यांच्या शेजारणीने त्यातलं पातेलं मागितलं तेव्हा 'ते सांगलीकराचं हाय, दुसरं ने' असं त्या म्हणाल्या, ते मी ओट्यावरून ऐकलं.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना अजून बरं वाटत नाही.

कुंपण घातलं तेव्हा मी सांगलीत होतो. ठेकेदाराला मोजणीचा नकाशा दिला होता. नकाशावर चारी हद्दी होत्या, पायवाट नव्हती. पुढच्या खेपेला गेलो तर तारेचं कुंपण उभं. मी एका खांबाला डोळा लावून ओळ पाहिली. सुतात होती. आयुष्यभर मायक्रोमीटर हातात धरलेल्या माणसाला अशा गोष्टींचं फार कौतुक. मी ठेकेदाराला फोन करून शाबासकी दिली. झऱ्याची वाट त्या कुंपणात दोन्ही बाजूंनी तुटली होती, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

वाडीत घरोघरी नळ होते, पण फाल्गुन लागला की ते कोरडे पडायचे आणि मग सगळी वाडी झऱ्यावर यायची. त्या वर्षी बायका ओढ्यातून, दगडांवरून, लांबचा वळसा घालून वर जात होत्या आणि भरल्या हंड्यांनिशी तशाच उतरत होत्या. मावशीही. त्याच पाण्यात त्या माझ्या गवंड्यांचा स्वयंपाक करत होत्या आणि मला पिण्याचा तांब्या भरून देत होत्या. अख्खा उन्हाळा असा गेला. कुणीही चकार शब्द काढला नाही.

हे पाहिलं ते माझ्या बायकोने. एका दुपारी ती ओढ्याकडे फिरायला गेली आणि मावशी डोक्यावर हंडा, कमरेला कळशी घेऊन, अनवाणी, एकेक दगड चाचपत उतरताना तिला दिसल्या. तिने येऊन मला काही विचारलं नाही. मावशींच्या घरी घेऊन गेली आणि त्यांच्यासमोर म्हणाली, "ह्यांना सांगा, तुम्ही पाणी कुठून आणता ते."

मावशींना अवघडल्यासारखं झालं. पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या वं ताई. त्येंच्याकडं कागुद हाय, आमची नुस्ती सवय हाय. सवय मोडायला वाईच येळ लागतोय, एवढंच."

मी दुसऱ्या दिवशी पाटणहून माणूस आणून कुंपणाच्या दोन्ही बाजूला तारा कापल्या आणि फाटकं बसवली. फाटकाला कडी केली, पण कुलपासाठी जागा ठेवली नाही. मावशी ते काम बघायला आल्या नाहीत. संध्याकाळी नेहमीच्या वेळी ताट आलं. भाकरीवर त्या दिवशी लोण्याचा गोळा होता.

त्यानंतर वाट आमच्या अंगणातून सुरू झाली आणि पाहुणेही सुरू झाले. मावशी किती हुशार होत्या ते मला तेव्हा कळलं. मला वाटायचं, वाडी आहे तशी राहावी, शांत. एकदा मी तसं बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुमास्नी शांतता दोन दिस पायजे. आमास्नी बारा म्हैनं हाय. वाईच गोंगाट झाला तर बरंच की." त्यांना रस्ता हवा होता, मोबाइलचा टॉवर हवा होता, माणसं यायला हवी होती. पाहुण्यांचा त्यांना मनापासून उल्हास. पाय बघून त्या प्रत्येकाची नोंद मनात करायच्या आणि जेवणात तसा बदल करायच्या. मऊ टाचांना तिखट कमी.

पुण्याच्या एका कुटुंबाला चुलीवरचंच जेवण हवं होतं. मावशी केव्हापासून गॅसवर स्वयंपाक करत होत्या. त्यांनी भाकऱ्या गॅसवर भाजल्या, आणि अंगणातली चूल पेटवून तिच्यावर नुसतं पाण्याचं पातेलं ठेवलं. पाहुण्यांनी भरपूर फोटो काढले, जेवले, चुलीची चव काही वेगळीच असते म्हणाले. ते गेल्यावर मी मावशींकडे पाहिलं. "धूर त्यास्नी पायजे व्हता," त्या म्हणाल्या, "तो दिला."

एका पाहुणीने त्यांना विचारलं, इथं पॉइंट कोणता बघण्यासारखा? मावशींनी थोडा विचार करून वावराच्या टोकाचा एक मोठा धोंडा दाखवला. म्हणाल्या, नवी नवरी होते तेव्हा माझी सासू त्या धोंड्यावर बसून मी काम करते का न्हाई ते बघायची. तिथनं समदं दिसतंय. पाहुण्या मुलीने तिथं जाऊन सूर्यास्ताचे फोटो काढले आणि मोबाइलच्या नकाशावर 'सासू पॉइंट' अशी खूण टाकून दिली. पुढच्या हंगामात लोक ते नाव विचारत वाडीत यायला लागले. मावशी त्यांना हाताने दिशा दाखवायच्या आणि गंभीर चेहऱ्याने सांगायच्या, तिथं लय येळ बसू नका.

शेजारच्या दोन घरांनीही मग एकेक खोली पाहुण्यांसाठी सारवून तयार केली. बंद घरांपैकी एकाचं कुलूप निघालं. मुंबईहून एक जोडपं परत आलं.

आणि मग एक मोठ्या रिसॉर्टवाल्यांचा माणूस आला.

तो आधी मला कुपवाडला येऊन भेटला. त्याला माझी जमीन हवी होती, बांधलेल्या खोल्यांसकट, आणि वरचा झरा. पाणी असेल तरच पुढचं, हे त्याने स्पष्ट सांगितलं. माझ्या मुलाला वर्कशॉपमध्ये नवीन मशीन घ्यायचं होतं. माझे गुडघे त्या उतारावर कुरकुरायला लागले होते. मी विचार करून सांगतो म्हणालो, पण मनातल्या मनात माझा विचार झालेला होता. हे मी आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

मावशींना मी स्वतः सांगितलं. निदान तेवढं केलं. त्या तांदूळ निवडत होत्या. सुपातला हात थांबला.

"तुमी इकनार?"

"विचार चाललाय," मी म्हणालो.

"इका की. तुमची हाय," त्या म्हणाल्या आणि परत निवडायला लागल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

पंधरा दिवसांत त्यांचे तिन्ही दीर मुंबईहून आले. जावईही कराडहून आला. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं. धोंड्यांच्या तुकड्याला असं गिऱ्हाईक पुन्हा मिळणार नाही, वयाला आधार होईल, आणि वाडीला पाणी रिसॉर्टवाले देतीलच की. मावशींनी चौघांना जेवायला वाढलं, त्यांचं ऐकून घेतलं आणि सगळ्यांची पानं उचलल्यावर म्हणाल्या, माझ्यामागं त्ये लेकीचं हाय, लेकीला इचारते.

लेक त्यांची एकुलती एक. कराडला राहायची, शाळेत नोकरी करायची. ती पुढच्या रविवारी आली. त्या मायलेकींचं बोलणं मी ऐकलं, कारण मावशींनी मला आणि माझ्या बायकोला मुद्दाम बसवून घेतलं होतं. मावशींना तो झरा गावाच्या नावावर करायचा होता. ग्रामपंचायतीला बक्षीसपत्र करून. म्हणजे पुढं कुणी विकू शकणार नाही आणि कुणी अडवूही शकणार नाही. पण लेकीची संमती हवी होती, कारण हक्क तिचाही होता.

 लेकीने वर झऱ्याच्या दिशेने पाहिलं, मग आईच्या पावलांकडे पाहिलं. दोन्ही घोटे सुजलेले होते. त्या उन्हाळ्यातल्या ओढ्याच्या वाटेने त्यातला एक कायमचा बिघडला होता, हे मला त्या दिवशी समजलं.

"आई, मला झरा नको," ती म्हणाली. "तो दे गावाला. मी सही करते. पण मला तू पाहिजेस. तू कराडला यायचं, माझ्याकडे. इथं एकटी पडलीस तर मला कळणारसुद्धा नाही."

मावशी उठून आत गेल्या. आत भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. माझी बायको उठायला लागली तशी लेकीने तिला हाताने बसवलं. थोड्या वेळाने मावशी चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. एक कप लेकीच्या हातात दिला.

"कवा न्हेतीस?" त्यांनी विचारलं.

असा तो व्यवहार झाला. मावशींनी झरा गावाला दिला आणि स्वतःला लेकीला. रिसॉर्टवाल्यांचा माणूस पुन्हा आला नाही. पाणी नाही म्हटल्यावर त्याला माझ्या जमिनीतही रस उरला नाही. माझा निर्णय परस्पर झाला होता. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्या सुटण्याची लाजही वाटली.

बक्षीसपत्र झालं, फेरफार झाला, आणि नवा सातबारा मी स्वतः काढून आणला. मावशींची बोचकी तोवर बांधून झाली होती. मी तो कागद त्यांच्यासमोर धरला आणि ग्रामपंचायतीचं नाव दाखवलं. त्यांना ते नको होतं. त्यांना त्यांचं नाव कुठं गेलं ते बघायचं होतं. नाव कमी झालं की सातबाऱ्यावर ते कंसात जातं. मी बोट ठेवून दाखवलं. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली अक्षरं त्यांनी एकेक करून वाचली, मग दोन्ही बाजूंच्या कंसांवरून बोट फिरवलं.

"पुसलं न्हाई की," त्या म्हणाल्या. "नुस्तं कुंपान घातलंय." आणि हसल्या.

तेव्हा मी विचारलं. इतके दिवस मनात होतं. मी विकायला निघालो होतो, तर मला एकदा तरी विकू नका का म्हणाला नाहीत?

"तुमच्या जिमिनीला न्हाई म्हनायचा हक मला न्हवता," त्या म्हणाल्या. "झऱ्याचा व्हता. जेवडा व्हता तेवडा वापरला."

कराडला मी त्यांना तीनदा भेटलो. आपण समजतो तशा त्या तिथं झुरत वगैरे नव्हत्या. लिफ्ट त्यांना फार आवडली होती. स्वयंपाकघरातला नळ बारा महिने वाहतो, याचं त्यांना रोज नवल वाटायचं. पण तो त्या स्वतः घट्ट बंद करायच्या आणि लेक, नातवंडं यांनी नीट बंद केलाय का तेही तपासायच्या. बिल्डिंगमधल्या बायका त्यांच्याकडून भाकरी थापायला शिकत होत्या. मला त्या वाडीतलं सगळं विचारायच्या. कुणाच्या खोलीला पाहुणे आले, मुंबईहून आणखी कोण परतलं, रस्त्याचं डांबर कुठवर आलं. झऱ्याबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही. तिसऱ्या भेटीत मीच सांगायला लागलो, की पाणी चांगलं आहे, लोकांनी कठडा बांधलाय. त्यांनी मान हलवली. मग जरा वेळाने खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "हितं समदं हाय, सांगलीकर. फकस्त पाय कुनाचं वळकू येत न्हाईत. समद्यांच्या पायात बूट."

भाद्रपदात लेकीचा फोन आला. झोपेतच गेल्या. त्यांची एकच इच्छा होती, वाडीत न्यायचं.

आम्ही सांगलीहून पोचलो तेव्हा त्यांना आणलेली गाडी दारात उभी होती. डांबर तोवर त्यांच्या घरापर्यंत पोचलं होतं. तिन्ही दीर आले होते. वाडीतल्या बायकांनी झऱ्यावरून पाणी आणलं आणि त्यांना अंघोळ घातली. माझ्या बायकोने त्यांचे पाय धुतले. मी बाहेर पुरुषांत उभा होतो. तिने नंतर मला सांगितलं, टाचांच्या भेगा कराडला दोन वर्षं राहूनही भरल्या नव्हत्या.

त्या मुक्कामाला आम्ही आमच्याच खोलीत राहिलो. कुणी पाहुणे नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर मी उठून वर झऱ्यावर गेलो. पावसाने सगळं हिरवं, निसरडं झालं होतं. लोकांनी बांधलेल्या कठड्यावर बसलो. मनात मावशींचंच चाललं होतं. आपण त्यांच्यासाठी काही केलं का, याचा हिशेब लावायचा प्रयत्न करत होतो आणि तो लागत नव्हता.

पावसात नळाला गढूळ पाणी येतं म्हणून असेल, खालून एक तरुण बाई हंडा घेऊन आली. मी तिला आधी पाहिलं नव्हतं. नुकतीच लग्न होऊन वाडीत आली असावी. जिवंतपणी मावशी तिने पाहिल्याही नसतील. ती माझ्यासमोर येऊन थांबली. मला वाटलं, कालच्याबद्दल काही बोलेल.

"काका, वाईच सरता का?" ती म्हणाली.

मी भरायच्या जागेवरच बसलो होतो. मी उठलो, बाजूला झालो. तिने हंडा धारेखाली लावला, भरू दिला, चुंबळ नीट करून डोक्यावर घेतला आणि माझ्या अंगणातून खाली निघून गेली.